तांबड्या मातीतला ताण

डिसेंबर उजाडला की झारी धरलेला माझा हात आपोआप आखडतो. बंगलोरला व्हाइटफील्डमध्ये नवव्या मजल्यावर आमची गॅलरी, गॅलरीत सतरा कुंड्या, आणि त्यांच्यापुढे मी उभी, पंगतीत एखादी कंजूष वाढपीण उभी असावी तशी. मोगरा तहानलेला असतो, गोडनिंबाची पानं मिटायला लागलेली असतात, आणि मी आपली विचार करतेय, देऊ की नको? चाळिशी उलटली, केस पिकले, या शहरात तीस वर्षांच्या वर काढली. पण हा महिना आला की माझं डोकं अजून काटोलकडच्या काळ्या मातीत जातं.

आमच्या विदर्भात हा महिना ताणाचा. संत्र्याला बहार यावा म्हणून या दिवसांत त्याचं पाणी तोडतात. बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या करतात, त्यांना ऊन-वारा लागू देतात. झाड मलूल होतं, पानं टाकतं, बघवत नाही. आणि मग अगदी बेतानं, थोडं थोडं पाणी द्यायला लागलं की ते असं काही फुलतं की अख्ख्या शिवाराला वास सुटतो. लहानपणी मला हा प्रकार फार दुष्ट वाटायचा. मामाची बाग होती, त्याला मी म्हणायची, ‘कशाला रे उपाशी मारतोस त्यांना?’ मामा हसायचा. म्हणायचा, ‘अवं बाई, सुखात असलेलं झाड कशाले फुलते?’ मामा सांगायचा ते त्याच्या मातीपुरतं खरं होतं.

काल दुपारपासून इथे झिमझिम लागली आहे. उपसागरात कुठेतरी कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बंगलोरचा डिसेंबर असाच रडवा होतो. खालच्या मजल्यावर कुणीतरी गॅलरीला ताडपत्री बांधत होतं. ती वाऱ्यानं फडफडली आणि मी हातातली झारी ठेवून आत येऊन बसले. डिसेंबरच्या पावसात फडफडणारी ताडपत्री मला अजून सोसत नाही. का, तेच आज लिहायला बसले आहे.

माझा भाऊ विनायक. घरात विनू, माझा दादा. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, अंगानं काटकुळा, आणि खिशात काय असेल त्याचा नेम नाही. बिया, गारगोट्या, सुतळ्या, एकदा तर जिवंत सरडा. आई त्याचे खिसे उलटे केल्याशिवाय शर्ट भिजवायची नाही. बाबांना वाटायचं, आपल्यासारखा हाही इंजिनियर होईल. त्याला मात्र सुट्टी लागली की मामाच्या बागेत पळायचं असायचं. तिथल्या गड्यांबरोबर बसून तो डोळा बांधायला शिकला.

डोळा बांधणं म्हणजे काय, तेही सांगते. संत्र्याची बी पेरून बाग करत नाहीत. आधी जंबेरी पेरतात. जंबेरी हे एक रानटी लिंबू. काटेरी झाड, खडबडीत सालीचं आंबटढाण फळ, पण मूळ दणकट. रोप हातभर झालं की त्याच्या खोडाला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि घट्ट बांधायचं. डोळा लागला, फुटला, की वरची जंबेरी छाटून टाकायची. मग पाय जंबेरीचे आणि अंग संत्र्याचं, असं ते झाड आयुष्यभर उभं राहतं. खालच्या जंबेरीचं नाव कुणी घेत नाही. ती फुटली तर खुडून टाकतात.

बारावीच्या वर्षी नाताळच्या सुट्टीत दादा मामाकडून परतला तो तेलाचा एक रिकामा डबा मांडीवर घेऊन. डब्यात रोप, रोपाला चिंध्या गुंडाळलेल्या, चिंध्यांच्या आत त्यानं स्वतः बांधलेला डोळा. मार्चमध्ये त्या डोळ्यातून हिरवा कोंब निघाला. दादानं सगळी गल्ली बोलावून दाखवला. ‘माझ्या हातचं संत्रं आहे, बापा! पाच वर्षांनी फळं खायला या!’ म्हणाला. उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. बारावीचा निकाल लागायच्या आत तो गेला. त्याबद्दल आणखी मला लिहिता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं.

वर्षभरानं बाबांची बंगलोरला बदली झाली. बाबा एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. सामान ट्रकमधून आलं, पण तो डबा आईनं ट्रकमध्ये ठेवू दिला नाही. नागपूरपासून बंगलोरपर्यंत रेल्वेत तिनं तो मांडीवर धरला. झोपली नाही. बाबा म्हणाले, ‘खाली ठेव ना, पाय अवघडतील.’ ती म्हणाली, ‘अवघडू द्या.’

इंदिरानगरात तेव्हा बैठी घरं होती, घरापुढे गुलमोहर आणि मागे परसू. आम्ही भाड्यानं घेतलेल्या घराच्या परसात आईनं पहिला खड्डा खणला आणि माती बघून तिचा चेहरा पडला. तांबडी, भुसभुशीत, विटांच्या भुग्यासारखी माती. आमच्याकडची माती कशी, पावसाळ्यात चपलेला धरली तर चप्पल ठेवून घेते. ही हातात घेतली तर बोटांतून निघून गेली. तरी तिनं दादाचं झाड त्यात लावलं, खाली दोन घमेली शेणखत घालून.

शेजारी राधाक्का राहायच्या. घराणं मराठी, पण चार पिढ्या इथेच गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी ऐकायला आधी कान तयार करावे लागत. अबोलीला त्या कनकांबरा म्हणायच्या. आईला म्हणायच्या ‘ताई’ आणि बाबांना ‘अण्णा’. कुंपणावरून डोकावून त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ‘ही माती चाळणी आहे ताई. वरून घातलं की खालून गेलं. एकदम बदाबदा नको घालू. स्वल्प घाल, पण रोज घाल.’ हे ‘स्वल्प’ त्यांच्या तोंडून दिवसातून वीसदा यायचं. चहात साखर स्वल्प, रागही स्वल्प.

आईचं सगळं नागपुरी पंचांग इथे चुकलं. तिकडे मेमध्ये झाडं सावलीत ओढायची, इथे मेमध्ये धो धो पाऊस. तिकडे मेथी थंडीतली, इथे बाराही महिने कोवळी. तिकडे मोगरा उन्हाळ्याची वाट बघतो, इथे त्याला उन्हाळा कुठून आणून द्यायचा? गुलाब थांबायचं नाव घेत नव्हते. आई म्हणायची, ‘इथे झाडांना सुट्टीच नाही ग!’ पण हळूहळू ती शिकली. ऑक्टोबरच्या पावसाआधी कुंड्या उतरत्या ठेवायच्या, जानेवारीत गुलाब छाटायचे, मार्चमध्ये बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, तेव्हा तांदूळ धुतलेलंही ती सांडू द्यायची नाही. ते कुणाला जायचं, हे सांगायला नकोच.

झाड वाढलं. माझ्या डोक्याच्या वर गेलं, हिरवंगार, गुबगुबीत. पण फुललं नाही. पाच वर्षं झाली तरी नाही. जानेवारी आला की आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यापुढे उभी राहायची, एकेक शेंडा बघायची, आणि आत यायची. तिला संत्री खायची नव्हती, संत्री बाजारात होती. दादानं सांगितलं होतं पाच वर्षांनी, आणि ते त्याचं शेवटचं खरं व्हायचं राहिलेलं बोलणं होतं. एवढं मला चौदाव्या-पंधराव्या वर्षीही कळत होतं. बाबांनाही कळत होतं. ते खिडकीतून तिच्याकडे बघत उभे असायचे.

पंचाण्णव साली नोव्हेंबरच्या अखेरीला मामीचं मोठं ऑपरेशन ठरलं. आई अडीच महिन्यांसाठी नागपूरला गेली. तिला स्टेशनवर सोडून आल्या संध्याकाळी बाबा परसात गेले, झाडाभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, ‘सुमे, याला ताण देऊ. आई येईल तेव्हा फुलं दाखवू तिला.’

मी नाचलेच! केवढी आनंदाची गोष्ट! आई रिक्षातून उतरेल, तिला आधी वास येईल, मग ती मागे धावेल, हे सगळं मी मनात रंगवून टाकलं. दुसऱ्या रविवारी बाबांनी बुंध्याभोवतीची माती उकरली, बारीक मुळ्या कुदळीनं तोडल्या, आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं एक वर्तुळ काढलं. मामाच्या बागेत दीड-दोन महिने ताण देत, म्हणून त्यांनी पन्नास दिवस धरले. ते इंजिनियर होते. आकडा एकदा धरला की धरला.

राधाक्का कुंपणावरून बघत होत्या. ‘हे काय हो अण्णा? झाडाला उपवास?’

बाबांनी त्यांना ताणाचं शास्त्र समजावून दिलं. त्यांनी ऐकून घेतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘तुमच्या गावात असेल. इथल्या मातीला उपवास झेपत नाही. आठ दिवसांत जीव जातो तिचा.’

‘लिंबू-संत्र्यात माझं आयुष्य गेलं, अक्का,’ बाबा म्हणाले. खरं तर त्यांचं आयुष्य लेथ मशीनमध्ये गेलं होतं.

‘सरी,’ म्हणजे ‘बरं’, राधाक्का म्हणाल्या. ‘तुम्ही शिकलेले.’ आणि आत गेल्या.

डिसेंबरच्या मध्यात पाऊस आला. आजच्यासारखाच, बारीक, चिवट. बाबा तीरासारखे बाहेर धावले. माळ्यावरची ताडपत्री काढली, बुंध्याभोवती पसरली, कडांवर विटा ठेवल्या. पावसाचा एक थेंब मुळ्यांपर्यंत जाता कामा नये! तीन दिवस ती ताडपत्री परसात फडफडत होती. सगळ्या बंगलोरची झाडं न्हात होती आणि दादाचं झाड मध्ये कोरडं उभं होतं. देवानं पाणी दिलं होतं हो, आणि आम्ही झाकून ठेवलं.

विसाव्या दिवशी पानं गुंडाळली. बाबा खूश झाले, म्हणाले, ‘हेच पाहिजे, ताण बसून राहिला.’ पंचविसाव्या दिवशी ती पिवळी पडली. मामा तिथे असता तर त्या दिवशीच बादली घेऊन धावला असता, कारण मामा झाडाकडे बघायचा. बाबा कॅलेंडरकडे बघत होते. काळी माती आत पाणी धरून ठेवते, म्हणून तिला पन्नास दिवस लागतात. या तांबड्या चाळणीतलं पाणी पहिल्या आठवड्यातच संपलं होतं. काळ्या मातीचा हिशेब आम्ही तांबड्या मातीला लावला, आणि वर तो अगदी प्रामाणिकपणे पाळला.

एका दुपारी मला राहवलं नाही. बाबा कारखान्यात होते. मी तांब्याभर पाणी घेऊन परसात गेले, ताडपत्री उचलली, आणि तशीच उभी राहिले. बाबा निघताना म्हणाले होते, ‘मध्येच पाणी दिलं तर सगळा ताण वाया जाईल. आईसारखी हळवी होऊ नको.’ मी ताडपत्री खाली ठेवली. ते पाणी मी पिऊन टाकलं. आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सदतिसाव्या दिवशी पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडली. तेव्हा बाबांचं धाबं दणाणलं. ताण तोडताना पहिलं पाणी अगदी हलकं द्यायचं असतं, चार-पाच दिवसांनी दुसरं जरा जास्त, हे त्यांना पाठ होतं. पण घाबरलेला माणूस पाठ केलेलं विसरतो. त्यांनी नळाची नळी बुंध्याशी सोडली आणि टाकी रिकामी केली. उघड्या, तुटलेल्या मुळ्या त्या पाण्यात दोन दिवस भिजत राहिल्या. पुढच्या आठवड्यात साल काळी पडली.

एक फांदी तोडून बाबा स्कूटरनं हेब्बाळकडच्या एका नर्सरीत गेले. मी मागे बसले होते, फांदी हातात धरून. तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं नखानं साल खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. ‘होय्तु सार,’ तो म्हणाला. गेलं. बाबांनी फांदी परत मागून घेतली. हेल्मेट घातलेल्या माणसाचं रडणं पाठीवरून कळतं, हे मला त्या दिवशी समजलं.

आई येण्याच्या दोन दिवस आधी बाबांनी करवत आणली आणि झाड जमिनीपासून वीतभर ठेवून कापलं. माती सारखी केली, ताडपत्री घडी करून माळ्यावर टाकली. मला म्हणाले, ‘खोडकिडा लागला म्हणून छाटावं लागलं, असं सांगायचं. ताणाचं आईला सांगू नको, सुमे.’ बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी मान डोलावली.

आई आली. रिक्षातून उतरून सरळ परसात गेली. आम्ही दोघं मागे उभे. बाबांनी खोडकिड्याचं सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, वाकून त्या खुंटावरून हात फिरवला, आणि विचारलं, ‘चहा कोण टाकतं?’

मला वाटलं होतं ती धाय मोकलून रडेल. तिनं चहा प्यायला, सामान लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खुंटाला तांब्याभर पाणी घालायला लागली. रोज. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. राधाक्का कुंपणापाशी यायच्या, बघायच्या आणि पहिल्यांदाच काही न बोलता आत जायच्या. मला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला.

एप्रिलमध्ये दोन वळीव पडले आणि खुंट फुटला. खालून, अगदी मातीजवळून, दोन लालसर कोंब. आईनं मला हाक मारली, ती हाक अजून माझ्या कानात आहे. ‘सुमे! अगं जिवंत आहे!’

संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले. आई देवळात गेली होती. ते परसात खाली बसले, कोंबाचं एक पान तोडून चुरगाळलं, हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. लिंबाचा झणका आला. ‘हे संत्रं नाही,’ ते म्हणाले. ‘डोळ्याच्या खालून फुटलंय. ही जंबेरी आहे. विनूचा डोळा गेला. मी मारला तो.’ मग हात झटकून उठले. ‘तिला वाटतंय तोच आहे. वाटू दे.’

घरात असं एक खोटं पडलं की घर त्याच्याभोवतीनं चालायला शिकतं. बाबा परसात जायचे बंद झाले. कपडे वाळत घालायचे असतील तर मला सांगायचे. जेवताना आई म्हणायची, ‘आज आणखी एक पान आलं हो,’ आणि बाबा भातात नुसती बोटं फिरवायचे. मी दोघांच्या मध्ये बसून वाढून घ्यायची. मला आईची कीव यायची, बाबांचा राग यायचा, आणि त्या तांब्याभर पाण्याची आठवण आली की स्वतःची चीड यायची. जंबेरीला बोटभर लांब काटे आले. संत्र्याला एवढे काटे नसतात, हे काटोलकडे वाढलेल्या माझ्या आईला कसं कळत नाही, याचं मला नवल वाटायचं. तिच्या बोटांतून रक्त यायचं, ती तोंडात बोट धरायची आणि पुन्हा पालापाचोळा पसरायची.

एकदा बाबांनी गुपचूप मामाकडून संत्र्याच्या काड्या मागवल्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या त्या काड्या आणि नवीन चाकू घेऊन एका रविवारी ते दोन वर्षांत पहिल्यांदा परसाच्या दारात उभे राहिले. म्हणाले, ‘एखादा डोळा बांधून बघतो. जोर येईल झाडाला.’ आईनं चाकूकडे पाहिलं. ‘नको,’ म्हणाली. ‘झालं तेवढं पुष्कळ झालं.’ बाबांनी काड्या कुंपणापलीकडे टाकून दिल्या.

आत्ता हे लिहितानाच दारावरची बेल वाजली. शेजारची मृण्मयी, पुण्याची, नुकती लग्न होऊन आलेली. हातात मरगळलेल्या तुळशीची कुंडी. ‘काकू, ॲपवर वीकली ट्वाइस दाखवतंय, मी एक्झॅक्टली तेवढंच घालते, तरी असं का?’ मी तिचं बोट धरून मातीत खुपसलं. ‘ॲप राहू दे ग. हिला विचार.’ ती हसली. तिला वाटलं काकू गमतीदार आहेत. मला मात्र तिला बसवून सगळं सांगावंसं वाटत होतं. की बाई, कोण किती दिवस तहान काढू शकतं, हे दुसऱ्याच्या गावावरून ठरवू नकोस. झाडाचंही नाही आणि घरातल्या माणसांचंही नाही. बाबा काळ्या मातीतले होते, आत धरून ठेवणारे. तीन-चार वर्षं त्यांनी तसं ठेवलं, आणि साखरेचा आजार, रक्तदाब, सगळं त्याच वर्षांत मागे लागलं.

नव्याण्णवच्या डिसेंबरात जंबेरीला फळं धरली. सात. पिवळी, गाठीगाठींची, ओबडधोबड. मी तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजात. पान फसवेल, काटा फसवेल, फळ कसं फसवणार? मी आईच्या तोंडाकडे बघायचं टाळत राहिले. तिनं ती सातही फळं काढली, धुतली, पुसली, फोडी केल्या, मीठ-तिखट-मेथ्या घालून बरणी भरली. एक वाटी राधाक्कांकडे पाठवली. बाबांना काहीच सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, तिनं बाबांच्या ताटात डावीकडे लोणच्याची फोड वाढली.

बाबांनी फोड उचलली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. तो वास ओळखायला चुकणं शक्यच नव्हतं. बाहेर झिमझिम चालली होती.

‘ही जंबेरी आहे,’ बाबा म्हणाले.

‘हो.’

‘खोडकिडा नव्हता लागला.’ त्यांचा आवाज फाटला. ‘मी ताण दिला होता. तू आलीस की तुला फुलं दाखवायची होती मला. मी मारलं ते. विनूचं झाड मी मारलं.’

आई पोळी वाढत होती, ती तिनं वाढली. मग खाली बसली. ‘माहीत आहे,’ म्हणाली. ‘आले त्याच दिवशी माहीत होतं. माती सारखी केली होती तुम्ही, पण तुटलेल्या मुळ्या वरच पडल्या होत्या. आणि खोडकिड्याचं भोक एकही नाही. तुमच्यानं सांगवत नव्हतं, माझ्यानं विचारवत नव्हतं. म्हटलं, सांगतील कधीतरी.’

‘मग ही कशाला वाढवलीस?’ बाबांनी बरणीकडे, परसाकडे, सगळीकडे हात केला. ‘रानटी खुंट हा! त्याचा डोळा तर गेला ना?’

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू आत्ता कुठे तिला त्यांचं दुखणं कुठे आहे ते सापडलं होतं. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘डोळा मामाच्या झाडाचा होता. खुंट कुणाचा, असं वाटलं तुम्हाला?’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही कायम हेच धरून चाललो होतो की ते रोप मामाकडचं.

‘विनू अकरावीत होता तेव्हाची गोष्ट,’ आई म्हणाली. ‘धुवायच्या शर्टाच्या खिशात जंबेरीच्या बिया सापडल्या मला. फेकणार होते. यानं हातातून हिसकावून घेतल्या, मोरीमागच्या डब्यात पेरल्या. एकच उगवली. वर्षभर त्यानं पाणी घातलं तिला. मामाकडे रोपांची रांग लागली होती, पण नाही, हा आपलाच डबा मांडीवर घेऊन एसटीनं गेला, त्यावरच डोळा बांधून आणला. तुम्ही कामावर असायचे, ही लहान. मोरीमागे काय उगवतं ते तुम्हाला कुठून दिसणार?’ तिनं पदरानं डोळे पुसले. ‘पेरलेली हीच त्यानं. मी नागपूरहून मांडीवर आणली ती हिला.’

माझ्या डोळ्यांपुढचं ताट दिसेनासं झालं. बाबांनी ती फोड तोंडात घातली. आंबटढाण असणार, कारण त्यांचा सगळा चेहरा आवळला, पण त्यांनी ती चोखून चोखून खाल्ली. मग खरकट्या हातानंच उठले, मोरीतली बादली भरली, आणि चार वर्षांनी परसाची पायरी उतरले. पावसातच. डिसेंबरच्या त्या झिमझिमीत, भिजलेल्या झाडाला पाणी घालायला माझा इंजिनियर बाप बादली घेऊन चालला होता.

आई दाराशी धावली. ‘अहो, बदाबदा नका ओतू!’ ती ओरडली. ‘स्वल्प! स्वल्प घाला!’

कुंपणापलीकडे राधाक्का खो खो हसल्या. बाबांनी बादली खाली ठेवली आणि तांब्या मागितला. मी तो भरून नेऊन दिला.